वाचकांचे प्रश्न : जुनी मोरी आणि जड वाहने

प्रश्न : धायरीत आमच्या रस्त्याखाली ओढ्यावर जुनी काँक्रीटची स्लॅब मोरी आहे. तिचे नकाशे उपलब्ध नाहीत आणि हल्ली तिच्यावरून सिमेंटचे मिक्सर व पाण्याचे टँकर सतत जातात. तिची भारक्षमता कशी ठरवतात?

उत्तर : समजा चार मीटर गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) मोरीवर संपूर्ण मालमोटार एका वेळी क्वचितच मावते, त्यामुळे वाहनाच्या एकूण वजनापेक्षा आसावरील (चाकांच्या एका जोडदांड्यावरील) भार अधिक महत्त्वाचा ठरतो. रस्ते-पुलांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या ‘वर्ग अ’ भारमालिकेचे (पुलांच्या हिशेबासाठी गृहीत धरलेल्या वाहनाचे) एकूण वजन 55.4 टन धरले असले, तरी लहान मोरीच्या हिशेबात प्रामुख्याने एकमेकांपासून 1.2 मीटर अंतरावरचे, प्रत्येकी 11.4 टनांचे दोन आसच निर्णायक असतात. स्लॅबवर मातीचा जाड थर असल्यास चाकांचा भार पसरतो. मात्र डांबराचे थर वर्षानुवर्षे चढवले, तर मोरीवरचे कायमचे ओझेही वाढते, याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

नकाशे नसताना भारक्षमतेच्या हिशेबासाठी स्लॅबची जाडी मोजतात, सळ्यांची जागा कव्हर मीटरने (काँक्रीट न फोडता आतली सळी शोधणाऱ्या उपकरणाने) शोधतात आणि सळीचा उरलेला व्यास एखाद्या ठिकाणी काँक्रीट फोडून तपासतात. रिबाउंड हॅमरच्या (पृष्ठभागावर आदळून परत उसळण्यावरून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणाऱ्या हातोड्याच्या) केवळ आकड्यांवर विसंबू नये, कारण जुन्या काँक्रीटचा कार्बोनेशन (हवेतील कार्बन डायऑक्साइडशी रासायनिक प्रक्रिया) झालेला पृष्ठभाग कठीण होऊन ताकद फसवी जास्त दाखवतो; म्हणून काँक्रीटमधून गाभ्याचे (दंडगोलाकार) नमुने काढून त्यांची दाबचाचणी करावी. स्लॅबच्या तळाशी उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या दिसत असतील, तर अहवालाची वाट न पाहता जड वाहने बंद करण्याची लेखी मागणी महापालिकेच्या पथ विभागाकडे करावी.