बँड सुरू करून राहिलास तर आधी एवढंच कर

भाऊ, पंक, ब्लूज अन् कंट्री हे तीन संगीतप्रकार एकदम मिक्स करायच्या मागं नको लागू. आधी ब्लूजचे बारा बार (एक बार म्हणजे चार ठोके) पक्के कर. चार बार ई कॉर्ड, दोन ए, दोन ई, मग बी, ए, ई अन् शेवटी परत बी, हे चक्र ड्रमवाल्यासोबत डोळे मिटून वाजलं पाहिजे. तेच दुप्पट स्पीडनं, घाणेरडं डिस्टॉर्शन (फाटका आवाज) लावून हाणलं का गॅरेज पंक, अन् टोन क्लीन ठेवून बास रूट-पाचवा (कॉर्डचा मूळ सूर अन् त्याच्यापासूनचा पाचवा) असा डुलवला का कंट्रीचा वास येते. द गन क्लब या बँडनं पंकला ब्लूज जोडला, अंकल टुपेलो या बँडनं कंट्री, दोघंही ऐक.

नवीन पोरं इथं चुकतात:
- गिटारचा अँप फुल करणं. आमच्या सदर भागातल्या पहिल्या गिगला (कार्यक्रमाला) गाणारा फक्त तोंड हलवून राहिला होता, आवाज कोणालेच गेला नाही बाप्पा!
- मे महिन्यात बाहेरच्या ४५ डिग्रीतून गिटार थेट एसीत नेऊन लगेच वाजवणं. वीस मिनिटं थांब, मग ट्यून कर.
- पंचवीस गाणी अर्धवट. आठच बसव, पण पक्की.

पेडल-बिडल (गिटारचा आवाज बदलायचे डबे) सध्या घेऊच नको, त्याचं नंतर सांगतो.