प्रोबायोटिकची पुडी घ्यावी का?

प्रश्न : दुकानदार म्हणतो, तुतीच्या पाल्यावर प्रोबायोटिक फवारा, अळ्यांना ग्रासरी रोग येणारच नाही. घेऊ का?
— एक रेशीम उत्पादक, बीड

उत्तर : दादा, ग्रासरी होते विषाणूमुळे. प्रोबायोटिकची, म्हणजे लॅक्टोबॅसिलससारख्या चांगल्या जिवाणूंची पुडी ती हमखास अडवते, हे त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्या बरं! आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंनी अळीच्या पचनाला हातभार लागू शकतो, इतपत ठीक. हौसच असेल तर एकाच रॅकवर करा, शेजारचा तसाच ठेवा आणि कोषांचं वजन ताडून बघा. चौथी कात टाकून झाल्यावर, क्लोरीन नसलेल्या पाण्यात कालवून हलकं फवारा. पाला सावलीत सुकला की मगच घाला. ओल्या पाल्यानं फ्लॅचरी या अळ्यांच्या दुसऱ्या रोगाला आयतं आमंत्रण. अळ्या मोल्टला, म्हणजे कात टाकायला बसल्या की फक्त चुना भुरभुरा. शेड धुण्याच्या ब्लीचिंग पावडरचे पैसे मात्र या पुडीत घालू नका.