पिंपळाला ट्रेची घाई नको

बोनसाय करायला नर्सरीतला पिंपळ आणलास, फार बरं केलंस. पण लगेच उथळ ट्रेमध्ये बसवू नकोस. खोड करंगळीएवढंच आहे. ट्रेमध्ये गेलं की त्याची जाडी वाढायची जवळजवळ थांबते. दोन-तीन वर्षं मोठ्या कुंडीत मोकळं वाढू दे. खालची एखादी फांदी लांब सोडलीस तर बुंधा लवकर भरतो, नंतर ती कापता येते.

मुळं बघायची वेळ म्हणजे पानगळ. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला पानं पिवळी होऊन गळतात आणि फांदीच्या टोकाला टोकदार कोंब फुगतात. तो कोंब उघडून तांबूस पान दिसायच्या आत कुंडी रिकामी कर. बांबूच्या काडीनं माती हळू मोकळी कर, खाली जाणारं जाड सोटमूळ कमी कर, चहूबाजूंना पसरलेली मुळं जप. कापलेल्या जागी पांढरा चीक येतो. ओल्या फडक्यानं टिपून घे. मग आठ-दहा दिवस सावलीत ठेव.

माती! माझा पहिला पिंपळ निपाणीकडच्या काळ्या रानमातीत होता. एका पावसाळ्यात मुळं कुजून काळी पडली, हाताला बुळबुळीत लागली. आजही वाईट वाटतं. तेव्हापासून चाळलेले विटांचे तुकडे, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत, एवढंच वापरतो. बेळगावजवळच्या खानापूरकडं पाऊस जास्त, तिथं खत आणखी कमी.

फांद्यांना वळण द्यायला तार बांधलीस तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघ. सालीत रुतायला लागली की कापूनच काढ, उलगडत बसू नकोस.