हिमनदी मागे सरकल्यावर तयार झालेल्या तळ्यात बारीक जलचर येतात कुठून?

तुमचा प्रश्न असा: हिमनदी मागे सरकते, खळग्यात तळं साचतं आणि काही वर्षांनी त्यात बारीक कवचधारी प्राणी सापडतात. जवळपास दुसरं तळं जोडलेलं नसताना ते आले कुठून?

असली तळी थोडीथोडकी नाहीत. एकट्या स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये १८५० पासून जवळजवळ १,२०० तयार झाली. चिलटांसारख्या कायरोनोमिड माश्या उडत येतात आणि पाण्यात अंडी घालतात, त्यांचं कोडं नाही. बाकीच्यांचं सगळं माझ्या मते एका गोष्टीवर ठरतं: अंडं वाळून, गोठून जगतं की नाही.

डॅफ्नियाचं, म्हणजे पाणपिसवेचं, जगतं. दिवस वाईट आले की मादी पाठीवरच्या जाड कवचात बहुधा दोन अंडी बंद करते आणि कात टाकताना ती डबी सुटून जाते. ती पाण्यावर तरंगते, पाखरांच्या पिसांना चिकटते, बदकाच्या पोटात गेली तरी त्यातली काही अंडी विष्ठेतून जिवंत बाहेर पडतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका तळ्याच्या गाळातली सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची अंडी शास्त्रज्ञांनी उबवून दाखवली आहेत! आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळी डबक्यांत फेअरी श्रिम्प नावाचे बारीक कवचधारी प्राणी दिसतात ना, तेही उन्हाळाभर सुक्या मातीत अंड्यांच्या रूपातच असतात.

डेलॉइड रोटिफर हे डोळ्यांना न दिसणारे जलचर तर अख्खे वाळतात आणि वाऱ्याबरोबर धुळीत जातात. शिवाय हिमनदीच्या पाठीवर काळी धूळ साचून पाण्याची छोटी भोकं पडतात, त्यांत रोटिफर आणि टार्डिग्रेड (आठ पायांचे सूक्ष्म प्राणी) राहतात. म्हणजे काही रहिवासी तळं होण्याआधीपासून बर्फावरच हजर असतात.

पण पोचणं वेगळं आणि नांदणं वेगळं. हिमनदी खडक दळते आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. उजेड खोल जात नाही, शेवाळ जेमतेम वाढतं. डॅफ्निया पाणी गाळून खाते, त्यामुळे तिचं पोट त्या मातीनेच भरतं. अलास्कातल्या अशा गढूळ तळ्यांत म्हणूनच डॅफ्निया जवळजवळ नसते, तर निवडून खाणारे कोपेपॉड (दुसरे बारीक कवचधारी प्राणी) तग धरतात. हिमनदी आणखी मागे गेली, तिचं पाणी यायचं थांबलं की तळं निवळतं. मग दुसरंच संकट उभं राहतं: त्या उंचीवर स्वच्छ पाण्यात अतिनील किरण खोलवर शिरतात. म्हणून तिथल्या डॅफ्निया पुष्कळदा काळ्या असतात आणि कोपेपॉड लालभडक.

संसार कोण थाटतं, हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. डॅफ्नियाची मादी नराशिवाय पिल्लं देते, त्यामुळे एका अंड्यातून सगळं तळं भरू शकतं. तिची प्रजा लाखोंनी वाढून तिथल्या पाण्याला सरावली की मागून आलेल्या त्याच जातीच्या पाहुण्यांना जागा मिळणं कठीण होतं. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन तळ्यांतल्या डॅफ्निया आनुवंशिकदृष्ट्या बऱ्याच वेगळ्या निघू शकतात. कॅलॅनॉइड गटातल्या कोपेपॉडांना मात्र नर-मादी दोन्ही लागतात. पाचपन्नास जण पोचले तरी एवढ्या पाण्यात त्यांची गाठ पडायला हवी, नाही तर वंश तिथेच संपतो.

आता ज्याचं अंडं वाळून टिकत नाही त्याचं पाहा. मायसिस हा कोळंबीसारखा दिसणारा प्राणी पिल्लं होईपर्यंत अंडी पोटाशी पिशवीत बाळगतो. १८६० च्या सुमारास स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ स्वेन लोवेन यांना तो स्वीडनच्या व्हेटर्न सरोवरात सापडला. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाच्या कडेला साचलेल्या अफाट पाण्यातून हे प्राणी पसरले. ते पाणी पोचलं नाही अशा उंचावरच्या तळ्यांत ते स्वतःहून गेलेच नाहीत.

माणसाने मात्र त्यांना नेलं, आणि ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या मोंटानात माशांना खाद्य म्हणून मायसिस वरच्या तळ्यांत सोडले. तिथून वाहत ते १९८१ पर्यंत फ्लॅटहेड सरोवरात पोचले. दिवसा ते तळाशी दडून राहत, त्यामुळे तिथल्या कोकनी या सॅमन जातीच्या माशांच्या तोंडी लागत नसत आणि रात्री वर येऊन त्या माशांचंच खाद्य, म्हणजे डॅफ्निया, फस्त करत. काही वर्षांतच कोकनी संपले, आणि त्यांच्यावर जगायला शरदात जमणारे शेकडो गरुडही यायचे थांबले.