चार पानांची चीड आणि एक किल्ली

तुम्ही विचारलंय की दोन भावांच्या कथेत धाकट्याची चीड सांगण्यातच चार पानं जातात, आणि कुणीतरी परीकथा वाचायला सांगितल्या त्याचा काय उपयोग. उपयोग आहे, पण मुलांसाठी गोड केलेल्या आवृत्त्या नकोत, ग्रिम बंधूंचा 1857 चा संग्रह घ्या.

त्यातली हिमगौरी बघा. आपल्याला सफरचंदच लक्षात असतं, पण राणी तीनदा येते. आधी चोळीची नाडी इतकी आवळते की पोरगी निपचित पडते, बुटके येऊन नाडी कापतात, ती उठते. मग विषारी कंगवा, तोही सापडतो, काढला की परत उठते. म्हणजे तोवर वाचकाला नियम पाठ झालेला असतो की वस्तू काढली की पोरगी जिवंत, आणि तिसऱ्यांदा ती वस्तू घशात असते, बाहेरून दिसतच नाही, बुटके सगळं शोधून हरतात. सुटकापण त्याच नियमानं, तिची शवपेटी नेताना नोकर ठेचकाळतात आणि तुकडा बाहेर पडतो. (चुंबन वगैरे तिथे नाहीच.) आपण लिहिताना तीन प्रसंग नुसते एकापुढे एक ठेवतो, इथे पहिले दोन तिसऱ्याची तयारी करतायत.

आता तुमच्या चार पानांचं. पेरो या फ्रेंच लेखकाच्या 1697 च्या संग्रहात निळ्या दाढीवाल्याची गोष्ट आहे, नवरा बायकोला सगळ्या किल्ल्या देतो आणि एकच खोली उघडू नको म्हणतो. ती उघडते, आत त्यानं आधी मारलेल्या बायका, किल्लीला रक्त लागतं, घासून घासून जात नाही, एका बाजूनं पुसलं की दुसऱ्या बाजूला उमटतं. तिला आतून काय वाटतंय त्यावर वेगळं पान खर्च करावंच लागत नाही, नवरा परत येऊन किल्ली मागतो आणि आपल्याच पोटात गोळा येतो.

एडिटिंगचं पण एक सांगतो, कारण सुधारणेनं गोष्ट बिघडतेसुद्धा. ग्रिमांच्याच 1812 च्या आवृत्तीत रापुंझेल, म्हणजे म्हातारीनं मनोऱ्यात कोंडलेली लांब केसांची पोरगी, भाबडेपणानं विचारते की माझे कपडे घट्ट का होतायत, आणि म्हातारीला कळतं की चोरून येणाऱ्या राजपुत्रापासून ती गरोदर आहे. हे मुलांसाठी बरं नाही म्हणून पुढे बदललं, आता ती म्हणते तुम्ही राजपुत्रापेक्षा जड कशा लागता केसांनी वर ओढायला! भाबडी पोरगी एका फटक्यात बावळट झाली. वाक्य सोवळं झालं पण पात्र गेलं.

प्रॉप या रशियन अभ्यासकानं 1928 मध्ये रशियन परीकथांमधून घटनांचे 31 प्रकार काढलेत, वाचायला भारी आहे, पण ते समोर ठेवून लिहायला बसलात तर कथा फॉर्म भरल्यासारखी होते, मी हे करून तोंडावर आपटलोय.

तर आधी त्या धाकट्याच्या हातात काहीतरी द्या, जे मोठ्यानं एक दिवस परत मागावं असं. मग ती चार पानं न बघता तो प्रसंग नव्यानं लिहा आणि मला पाठवा, वाचतो.