गोव्याच्या महिला क्लबला इंडियन वुमेन्स लीगमध्ये (आयडब्ल्यूएल, देशातली महिला फुटबॉल क्लबांची सर्वोच्च लीग) कसं पोचता येईल?

थेट प्रवेश नाही. आधी गोवा फुटबॉल असोसिएशनची महिला लीग खेळायची, तिथून राज्याचा क्लब म्हणून आयडब्ल्यूएल-२ या दुसऱ्या श्रेणीत जायचं आणि तिथे वरच्या जागा पटकावल्या तरच बढती. ही दुसरी श्रेणी २०२३-२४ पासून आहे. त्याआधी वाट सोपी होती. २०२१-२२ मध्ये ओडिशात झालेल्या १२ संघांच्या लीगमध्ये आपला गोव्याचा सिरवोडे क्लब खेळला होता.

संघ अडकतात ते बहुधा कागदांवर. प्रत्येक मुलीची नोंदणी एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) ऑनलाइन यंत्रणेत व्हावी लागते. जन्मदाखल्यावर आडनाव 'नाईक' एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या, एवढ्यावरही अर्ज परत येऊ शकतो, म्हणून आधार आधीच दुरुस्त करून घ्या. मुलगी दुसऱ्या क्लबकडे नोंदलेली असेल तर ट्रान्सफर (क्लबबदल) त्याची ठरलेली मुदत, म्हणजे 'खिडकी', उघडी असतानाच करायचा. शेवटच्या दिवशी जुन्या क्लबचा सेक्रेटरी फोन उचलेलच असं नाही!

पैशांचं गणित लीगच्या स्वरूपावर ठरतं. २०२४-२५ मध्ये आयडब्ल्यूएलचे ८ संघ घरच्या-बाहेरच्या मैदानांवर खेळले, म्हणजे प्रत्येकी १४ सामने, त्यातले ७ प्रवासाचे. प्रवासाला दोन गोलकीपर तरी न्याच. एकीच्या बोटाला लागलं की बचावपटूला हातमोजे घालायची वेळ येते.