ऑस्ट्रेलियात लोक नदी-खाडीवर गळ टाकून तासन्तास बसतात, त्यात नेमकी मजा काय असते?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून सिडनीला आलात, शनिवार-रविवारी माणसं जेट्टीवर दांड्या लावून बसलेली दिसतात, बऱ्याचदा रिकाम्या हाताने घरी जातात आणि मिळालेला मासाही पाण्यात सोडून देतात. यात मजा कसली, आणि करून बघायचं तर सुरुवात कुठून करायची?

अकरा वर्षांपूर्वी हा प्रश्न मलाही पडला होता, आणि तोही जरा रागाने. मी रेवदंड्याचा. आजोबा कुंडलिकेच्या खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायचे, बाबांनी उभी हयात होडीवर काढली. आमच्या घरात मासा म्हणजे धंदा. हौस म्हणून कोणी मासे मारतं हे मला शेजाऱ्याने हौस म्हणून आपली भांडी घासण्यासारखं वाटायचं. इथे ऑफिसातला एक जण दर सोमवारी फोनवर फोटो दाखवायचा आणि मी मनात म्हणायचो, अरे, एवढासा तर आमच्याकडे मांजराला घालतात.

त्यानेच एकदा ओढून ब्रुकलिनला नेलं. हे न्यू यॉर्कचं नव्हे, हॉक्सबरी नदीच्या मुखाजवळचं छोटंसं गाव. इथल्या मूळच्या धरुग लोकांनी या नदीला दिलेलं नाव डायराबिन. स्ट्रॅथफील्डहून सेंट्रल कोस्टकडे जाणारी गाडी पकडायची आणि ‘हॉक्सबरी रिव्हर’ स्टेशनवर उतरायचं. फलाटावरूनच पाणी दिसतं. समोर डँगर बेट, काठाला कालवं पिकवणाऱ्यांच्या शेड, आणि थोडं पुढे रेल्वेचा पूल. पहिला पूल १८८९चा. तो थकल्यावर १९४६ साली शेजारी दुसरा बांधला, पण जुन्या पुलाचे दगडी खांब अजून पाण्यात तसेच उभे आहेत. त्या खांबांच्या आडोशाला मोठा मासा राहतो, असं तिथला प्रत्येक जण तुम्हाला दबक्या आवाजात सांगेल, जणू काही हे फक्त त्यालाच ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी मी काय पकडलं? टोडी. कोकणात आपण ज्याला केंड म्हणतो त्याचा इथला भाऊ. हाताएवढाही नसतो, बाहेर काढला की पोट फुगवून रागाने बघतो, विषारी असल्यामुळे खायचा प्रश्नच नाही, आणि तुमचं आमिष कुरतडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. तीन तासांत सात टोडी. कोळ्याचा पोर, आणि सात केंड! माझ्या डावीकडे एक ग्रीक म्हातारा बसला होता. सातव्यानंतर तो उठला, न विचारता माझा गळ हातात घेतला, मान हलवली आणि आपल्या डब्यातून याच्या निम्म्या आकाराचा गळ काढून बांधून दिला. मग बादलीतून एक निपर दिला. निपर म्हणजे वाळूत बीळ करून राहणारी फिकट, जवळजवळ पारदर्शक कोळंबी. ओहोटीला वाळू उघडी पडली की सायकलच्या पंपासारख्या पण चांगल्या जाडजूड नळीने ओढून काढतात. कुठून आणले म्हणून विचारलं तर त्याने हाताने अर्धी नदी दाखवली. जागा सांगायची नाही, पण आमिष द्यायचं, हा इथला शिष्टाचार. आमच्या खाडीवरही जागा कोणी सांगत नाही, मात्र आमिषही देत नाही.

मजा इथे आहे असं माझं मत. मासा पकडण्यात आहेच, पण ती एकट्याची मजा झाली. जेट्टीवरची मजा शेजाऱ्यांची आहे. तुम्ही एकदा बघाच, कोणाच्या दांडीला मोठा मासा लागला आणि रीळ करकरायला लागलं की दोन्ही बाजूंचे लोक न सांगता आपापल्या दोऱ्या गुंडाळून घेतात. गुंता होऊ नये म्हणून. म्हणजे त्या पाच-दहा मिनिटांपुरतं दहा जणांनी आपलं मासे मारणं थांबवलेलं असतं, आणि सगळ्यांचा जीव एकाच दोरीला टांगलेला असतो. कोणीतरी लांब दांड्याचं जाळं घेऊन खाली वाकतं, कोणी लेकरांना मागे घेतं, कोणी फुकटचा सल्ला देतं. ज्याचं नावही माहीत नाही त्याचा मासा निसटला तर सगळी जेट्टी ‘ओह’ करते. मुंबईच्या लोकलमध्ये शेजाऱ्याच्या फोनवर शेवटची ओव्हर बघणाऱ्यांचं जे होतं ना, तेच.

मासा सोडून द्यायचं मात्र मला पचायला वेळ लागला, आणि बाबांना तर पचलंच नाही. गेल्या वर्षी नोव्हेंबरात ते तीन महिन्यांसाठी आले होते. न्यू साउथ वेल्समध्ये गळाने मासे धरायचे तर सरकारी फी भरावी लागते: तीन दिवसांची ७ डॉलर, महिन्याची १४, वर्षाची ३५. अठरा वर्षांखालच्यांना माफ. बाबांसाठी महिन्याची काढली, तर ते आधी हसले आणि मग १४ डॉलरचे रुपये किती ते विचारून गप्प झाले.

त्या दिवशी पाणी उतरत होतं. इथे ओहोटीच्या वेळी उथळ वाळूवरची कोळंबी आणि बारीक मासळी पाण्याबरोबर खोल भागाकडे ओढली जाते, आणि ती उतरते त्या कडेवर फ्लॅटहेड दबा धरून असतो. चपटं डोकं, वाळूच्याच रंगाचं अंग, वर बघणारे डोळे. अंगावर वाळू ओढून पडून राहतो, तोंडासमोरून काही गेलं की झडप. बाबांना एवढं सांगितलं आणि त्यांनी पाण्याकडे एकदा बघून दांडी माझ्यापेक्षा दहा हात उजवीकडे नेली. मी म्हटलं, तिकडे काही नाही. अर्ध्या तासाने त्यांची दांडी वाकली.

दोऱ्या पटापट वर आल्या. एक व्हिएतनामी बाई, ती बहुतेक दर आठवड्याला असते, जाळं घेऊन धावली. बाबांना इंग्रजी येत नाही आणि तिला मराठी, पण ‘ढील दे, ढील दे’ हे बाबा स्वतःलाच ओरडत होते आणि ती मान डोलवत होती. मासा वर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. भलंमोठं धूड. मी गालाजवळचे काटे सांभाळत ओला फडका टाकून तो धरला (हे काटे लागले की ठणका दिवसभर जात नाही), आणि फूटपट्टी छापलेल्या चटईवर ठेवला. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ७४ सेंटिमीटर.

आता इथली गोम अशी की आमच्या राज्यात डस्की फ्लॅटहेड ३६ सेंटिमीटरहून लहान ठेवता येत नाही, आणि ७० हून मोठाही नाही. मधल्या मापाचे दिवसाला पाच. एवढी मोठी ती जवळपास नेहमी मादी असते, पुढच्या पिढीची अंडी तिच्या पोटात. मी बाबांना म्हटलं, सोडावी लागेल. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, तर सगळे लोक शांतपणे ती पाण्यात जायची वाट बघत उभे. ती बाई पायऱ्यांवरून खाली उतरली, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला, आणि शेपूट हलली तसा हात सैल केला.

बाबा एवढंच म्हणाले, “इकाचा नाय, खावाचा नाय, मंग पकरलाच कशाला?” परतीच्या गाडीत स्ट्रॅथफील्ड येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बायकोने घरी आगरी मसाल्याचं वाटण तयार ठेवलं होतं, त्यात मग अंडी सोडली.

सोडायच्या नियमामागचं कारण त्यांना नंतर समजावलं, तेव्हा अंडी भरलेल्या मासळीबद्दल त्यांनी वाद घातला नाही. पावसाळ्यात दर्या बंद का, हे त्यांना मी काय सांगणार? ते अडले ते वेगळ्याच ठिकाणी. २००२ साली राज्याने तीस जागा फक्त हौशी लोकांसाठी राखून ठेवल्या, बॉटनी बे आणि लेक मॅक्वारीसारख्या. तिथल्या धंदेवाल्या मच्छीमारांचे परवाने पैसे देऊन काढून घेतले, आणि ते पैसे याच फीमधून आले. बाबांनी विचारलं, “मग ते कोळी गेले कुठे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तलावात मासे वाढले म्हणून माझ्यासारखा शनिवारचा माणूस खूश, पण ज्याचं पोट त्यावर होतं त्याच्या घरातलं संभाषण कसं झालं असेल हे मला आमच्या घरावरून कळतं. गळ टाकताना ते मनात येतंच, थोडा वेळ.

मासळीची नावं तेवढी सांगतो, म्हणजे ओळख पटेल. सँड व्हाइटिंग म्हणजे आपल्या मुडदुशीची जवळची नातेवाईक. चव तीच, रव्यात तळा. मड क्रॅब म्हणजे आपली चिंबोरी. उत्तरेकडे, क्वीन्सलँड आणि डार्विनच्या बाजूला, ज्या बॅरामंडीसाठी लोक हजारो किलोमीटर गाडी हाकतात ती म्हणजे आपला जिताडा. हो, तोच, खाडीतला. आणि तिकडचा ब्लॅक ज्यूफिश म्हणजे घोळ. इकडच्या हॉक्सबरीतला मलोवे घोळीच्या घराण्यातला. पुलाच्या खांबांखाली रात्री त्याच्याचसाठी थर्मास घेऊन बसतात. किमान ७० सेंटिमीटर, दिवसाला एकच. मला अकरा वर्षांत दोन मिळाले आहेत. पाण्याबाहेर काढला की पोटातून घुर्रर आवाज काढतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दांडी हातातून सुटणार होती.

आता सुरुवातीचं. दुकानात जाऊन चारशे डॉलरची दांडी घेऊ नका. सात फुटांची हलकी दांडी आणि साधं रीळ पुरे, अख्खा संच शंभराच्या आत येतो. गळ लहान घ्या. आमिषाला सोललेल्या कोळंबीचा तुकडा चालतो. फी आधी भरा, अधिकारी खरंच येतात आणि बादलीत डोकावून मापं घेतात. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. उदाहरणार्थ पाग क्वीन्सलँडमध्ये आमिष धरायला चालतो, न्यू साउथ वेल्समध्ये अजिबात नाही. आजोबांचा पाग सामानात आणायचं माझ्या मनात होतं, बरं झालं वजन जास्त भरलं. तुटलेली दोरी पाण्यात टाकू नका, त्यात पेलिकनचे पाय अडकतात. बऱ्याच जेट्ट्यांवर दोरीसाठी वेगळी नळकांडी लावलेली असतात. समुद्राच्या खडकांवर जायचं डोक्यात आणू नका, दरवर्षी तिथून माणसं लाटेबरोबर जातात. खाडी आणि जेट्टी, बस.

आणि एक महत्त्वाचं, कारण तुम्ही बहुधा पॅरामॅटाच्या आसपास राहत असणार, आपले लोक तिकडेच असतात. पॅरामॅटा नदी घराजवळ आहे, काठ सुंदर आहे, गळ जरूर टाका, पण हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला मासा खाऊ नका. जुन्या कारखान्यांचं डायॉक्सिन हे विषारी रसायन तळाच्या गाळात बसलंय, म्हणून २००६ पासून सरकारचाच तसा सल्ला आहे. पुलाच्या पूर्वेलाही महिन्याला थोडाच खा म्हणतात. जेवायला मासा हवा असेल तर ब्रुकलिनची गाडी पकडा.

शिवाय भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा. मुंबईच्या उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं, इथे जेमतेम दोन. त्यामुळे नवख्या माणसाला पाणी हलतंय हेच कळत नाही. फोनवर ॲप आहेत त्यासाठी. मला ॲप लागत नाही. बाबा रेवदंड्याला परत गेल्यापासून दर शुक्रवारी रात्री त्यांचा फोन येतो. चंद्र दोन्हीकडे एकच, तेव्हा तिथीवरून ते तिथे ओटीवर बसून इथलं पाणी सांगतात. परवा म्हणाले, “उद्या अष्टमी. भांगाचं पाणी, मेलेलं. जाऊ नको.”

तरी गेलो. चार तासांत तीन टोडी.